एकट्याचे पान



वसंतातल्या या व्याख्यानसत्रात राज्यकारण, अर्थकारण, साहित्य, विज्ञान असे भारदस्त विषय आपण गेले काही दिवस ऐकत आहात. त्या पंक्तीत आज आम्ही जो विषय घेऊन उभे आहोत, तो ऐकून काही श्रोत्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटलेले आम्हाला दिसते आहे. विषय असा, की घरात एकट्याच राहणाऱ्या माणसाने कधीमधी केवळ स्वतःसाठी म्हणून साग्रसंगीत स्वयंपाक करावा की नाही, आणि करायचा तर तो कसा करावा. हॉटेलात जाऊन काही चमचमीत खाण्याविषयी आम्ही बोलत नाही. मिठाईच्या दुकानातून पावशेर पेढे आणून ते उभ्याउभ्या संपवण्याविषयीही बोलत नाही. स्वतः बाजारहाट करून, स्वतः चूल पेटवून, चार पदार्थ रांधून, पान मांडून, त्या पानावर स्वतःच बसून जेवणे, एवढीच मर्यादा आम्ही विषयाला घातली आहे.

या विषयाला एका तीन शब्दांच्या प्रश्नाने आपल्याकडे कायमचे गाडून टाकले आहे. तो प्रश्न म्हणजे, 'एकट्यासाठी कशाला करायचं?' हा प्रश्न आपण प्रत्येकाने ऐकला आहे आणि बहुतेकांनी केव्हा ना केव्हा उच्चारलाही आहे. प्रश्नाचे सोंग घेतलेले हे खरे तर उत्तर आहे, कारण तो विचारणाऱ्याला उत्तराची अपेक्षाच नसते. आज तासाभरासाठी आपण तो खराखुरा प्रश्न आहे असे धरू आणि त्याला उत्तर आहे काय ते पाहू.

प्रथम विरुद्ध पक्षाचे म्हणणे ऐकले पाहिजे, आणि तो पक्ष लेचापेचा नाही. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात एकशे सतरावे सूक्त आहे. अन्नदानाचे महत्त्व सांगणाऱ्या त्या सूक्ताचा ऋषी बजावतो, की जो एकटाच खातो तो एकट्याने पापाचाच धनी होतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात हाच आशय येतो. जे केवळ आपल्यासाठी शिजवतात ते पापच खातात, असे तेथे सांगितले आहे. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायातही तेच. म्हणजे वेद, गीता आणि स्मृती या तिघांनीही ज्या गोष्टीला पाप ठरवले, तिचीच तरफदारी करायला आम्ही उभे आहोत की काय, अशी शंका कोणी घेतली तर ती रास्तच म्हणावी लागेल.

पण निकाल वाचताना आरोपी कोण आहे तेही पाहावे लागते. त्या वैदिक सूक्तात भुकेला माणूस दारात उभा आहे, आतल्याजवळ अन्न आहे, आणि तरीही त्याचे मन द्रवत नाही. ऋषीचा रोष आहे तो या कठोर मनावर. गीतेतला संदर्भ यज्ञाचा आहे. देव, पितर, अतिथी, भूतमात्र यांचा वाटा न काढता सगळे आपल्याच पोटात घालणाऱ्याविषयी ते बोलणे आहे. म्हणजे ज्याला वाटेकरी आहेत आणि जो त्यांना वगळतो, तो दोषी. ज्याला वाटेकरीच उरलेला नाही, ज्याची मुले परगावी आहेत, ज्याचा जोडीदार कैलासवासी झाला आहे, त्याने आपल्यासाठी आमटीला फोडणी घातली तर त्याने कोणाचा वाटा मारला? ऋषींनी त्याच्याविषयी काही म्हटलेले नाही. त्या काळच्या भरल्या गोत्रात असा माणूस विरळाच असणार.

त्याच परंपरेचे दुसरे पानही उलटून पाहावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत अन्नाची निंदा करू नये, अन्न वाढवावे, हे व्रत म्हणून सांगितले आहे. गीतेच्याच पंधराव्या अध्यायात परमेश्वर वैश्वानर होऊन प्राण्यांच्या देहात राहतो आणि चार प्रकारचे अन्न पचवतो, असे वर्णन आहे. आता हा वैश्वानर काय फक्त कुटुंबवत्सलांच्याच पोटात राहतो? एकट्या माणसाच्या देहात तो नाही, असे कोणत्याही भाष्यकाराने म्हटल्याचे आमच्या वाचनात नाही. मग त्याला रोज शिळ्या पोळीचा तुकडा आणि चहाचा घोट एवढीच आहुती द्यायची, याला अन्नाची निंदा म्हणू नये तर काय म्हणावे?

ग्रीक आणि रोमन लोकांनीही या प्रश्नाची दोन टोके पाहिली आहेत. एपिक्युरस या तत्त्वज्ञाचे नाव पुढे खादाडपणाशी जोडले गेले, पण त्याचे प्रत्यक्ष राहणे साधे होते. काय खायचे यापेक्षा कोणाबरोबर खायचे याचा विचार आधी करावा, असे त्याचे मत सेनेकाने एका पत्रात नोंदवले आहे. परंतु याच एपिक्युरसने एका मित्राला लिहिले होते, की थोडेसे चीज पाठवून दे, म्हणजे मनात येईल तेव्हा मला मेजवानी करता येईल. दुसऱ्या टोकाला रोमचा सेनापती लुकुलस. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात होऊन गेलेला हा पुरुष त्याच्या मेजवान्यांसाठी प्रसिद्ध. प्लुटार्कने त्याच्या चरित्रात एक हकीकत दिली आहे. एके रात्री पाहुणा कोणी नव्हता, म्हणून नोकरांनी बेताचेच जेवण वाढले. लुकुलस कारभाऱ्यावर रागावला. कारभारी म्हणाला, पाहुणे नाहीत म्हणून साधेच केले. त्यावर लुकुलसने त्याला सुनावले, की आज लुकुलसकडे खुद्द लुकुलस जेवायला आहे हे तुला ठाऊक नव्हते काय?

या हकीकतीला लोक हसतात, आणि त्या श्रीमंती थाटात हसण्यासारखे आहेही. पण थाट बाजूला ठेवला तर मागे एक गंभीर गोष्ट उरते. पाहुणा आला की आपण चांगली ताटे काढतो, तूप ताजे कढवतो, लिंबू चिरतो. ते त्याच्याविषयी आपल्या मनात आदर असतो म्हणून. घरच्या माणसाला आदर दाखवायचा राहून गेला तर ते चालवून घेतले जाते. आणि घरातले ते एकमेव माणूस आपण स्वतःच असलो, तर आदर दाखवायचा राहून जातो, इतकेच नव्हे, तर दाखवण्याची लाजही वाटू लागते.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. एकटे जेवणारे माणूस आपल्याकडे पूर्वी नव्हते असे नाही. पुण्यामुंबईला शिकायला आलेला गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे, सात वारी सात घरी. कोणी माधुकरी मागे. मुंबईच्या गिरणगावात कोकणातून, साताऱ्याकडून आलेला कामगार बायकोमुले गावी ठेवून एका खोलीत दहापंधराजणांत राही आणि खाणावळीत जेवे. त्या खाणावळी चालवणाऱ्या बायकांची संघटना म्हणून १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्यापैकी पुष्कळांना माहीत असेल. या सगळ्या व्यवस्थांत माणूस घरापासून तुटलेला होता, पण पंक्तीपासून तुटलेला नव्हता. वाराच्या घरी यजमानीण वाढत होती, खाणावळीत शेजारच्या पाटावर गाववाला बसत होता.

आजचा एकटा वेगळा आहे. त्याच्याजवळ घर आहे, गॅस आहे, फ्रिज आहे, बँकेत बऱ्यापैकी पैसा आहे. नाही ती पंक्ती. मुलगा अमेरिकेत आणि मुलगी बंगळूरला असलेले आजोबा घ्या, बदलीच्या गावी राहणारी बँकेतली बाई घ्या, परीक्षेच्या तयारीसाठी खोली घेऊन राहिलेला तरुण घ्या. जपानमध्ये २०२० च्या जनगणनेत दर शंभर कुटुंबांपैकी सुमारे ३८ कुटुंबे एकाच माणसाची निघाली. आपल्याकडे अजून ती वेळ आलेली नाही. परंतु आपल्याच गल्लीतली घरे मनातल्या मनात मोजून पाहा, आणि वीस वर्षांपूर्वी त्याच घरांत किती पाने मांडली जात होती ते आठवा. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे ते कळेल.

या एकट्यांतही आम्ही दोन वर्ग करतो, आणि येथे आमचा विषय हसण्यावारी नेण्याजोगा राहत नाही. 'एकट्यासाठी कशाला' असे पुरुष म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ बहुधा 'मला येत नाही' असा असतो. त्याला कोणी शिकवले नाही आणि तोही शिकला नाही. त्यावर उपाय सोपा आहे, त्याने शिकावे. पण 'एकटीसाठी कशाला' असे बाई म्हणते तेव्हा तिला सगळे येत असते. पन्नास माणसांच्या पुरणावरणाचा अंदाज जिच्या मुठीत आहे, जिच्या हातची कढी सोयरेधायरे नावाजतात, ती बाई घरात एकटी राहिली की दुपारी एक टोस्ट चहात बुडवून खाते आणि संध्याकाळी सकाळचा भात ताकात कालवते. हे असे का व्हावे?

याचे कारण तिच्या स्वभावात शोधू नका, रिवाजात शोधा. आपल्याकडे बायकांची पंगत शेवटी. पुरुष जेवले, मुले जेवली, पाहुणे जेवले, की जे उरेल ते बायकांचे. भाजी संपली असेल तर लोणच्याची फोड. पहिली फुगलेली भाकरी तिने आयुष्यात हजार वेळा थापली, पण ती तव्यावरून थेट तिच्या पानात किती वेळा पडली? विधवेच्या वाट्याला तर याहूनही कठीण. एकोणिसाव्या शतकात आणि त्यानंतरही काही दशके, विशेषतः ब्राह्मणघरांतून, तिने एकवेळ जेवावे, उपासतापास करावेत, जिभेला चव लागू देऊ नये, हाच धर्म म्हणून सांगितला जाई. तो काळ गेला, कायदे झाले, केशवपन थांबले. पण 'आता आपल्याला काय करायचं आहे चवीचं' हे वाक्य अजून पुष्कळ घरांत ऐकू येते. रूढी कपड्यांतून गेली, पण पानातून गेलेली नाही.

आमच्या परिचयाच्या एका वृद्ध बाईंना आम्ही एकदा सहज विचारले, तुम्हाला स्वतःला काय आवडते? त्या म्हणाल्या, 'ह्यांना भरलं वांगं फार आवडायचं.' आम्ही पुन्हा म्हणालो, ते झाले त्यांचे, तुमचे? त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाल्या, 'थोरल्याला साबुदाण्याची खिचडी.' साठ वर्षे स्वयंपाक करून त्या बाईंना आपली आवड सांगता येईना. त्यात त्यांचे उणे काही नाही, उणे आहे ते त्यांना तो प्रश्न साठ वर्षे न विचारणाऱ्यांचे. आम्हाला वाटते, एकट्याने स्वतःसाठी रांधण्याचा पहिला लाभ हा. आपल्याला काय आवडते याचा शोध लागतो.

दुसरा लाभ प्रकृतीचा. वृद्धांच्या वैद्यकात चहा-टोस्टवर राहणाऱ्यांची एक ओळखीची अवस्था आहे, आणि पाश्चात्त्य डॉक्टर ती याच नावाने ओळखतात. एकटे राहणारे वृद्ध माणूस, बहुधा स्त्री, चहा आणि टोस्टवर दिवस काढते. त्यातून प्रथिने तुटतात, रक्तातले सोडियम उतरते, थकवा येतो, भ्रम होतो, तोल जातो. आपल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने सुचवली आहेत. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. एक कप चहा आणि दोन टोस्ट यांतून फार तर पाचसहा ग्रॅम मिळतात. उलट ३० ग्रॅम तुरीच्या डाळीत साडेसहा ग्रॅमच्या आसपास आहेत, वर वाटीभर दही आणि मूठभर उसळ घेतली की हिशोब जमू लागतो. वयपरत्वे वासाची शक्ती मंदावते, म्हणून जेवण बेचव वाटते, बेचव वाटते म्हणून जेवण घटते. त्यावर उपाय मीठ वाढवण्याचा नसून ताज्या फोडणीचा, हिंगाचा, लिंबाचा, कोकमाचा आहे. सकाळच्या गार भाताला वास नसतो, चरचरीत फोडणीला असतो, आणि भुकेला जाग येते ती वासानेच.

आता एक परदेशी उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या मुद्द्याला नेमके लागू पडते. अमेरिकेत ज्युडिथ जोन्स नावाची ग्रंथसंपादिका होऊन गेली. जन्म १९२४, मृत्यू २०१७. अॅन फ्रँकची रोजनिशी नाकारलेल्या पुस्तकांच्या ढिगातून उचलून ती अमेरिकेत छापली जावी म्हणून आग्रह धरणारी ती हीच. ज्युलिया चाइल्ड आणि तिच्या सहलेखिकांचा फ्रेंच पाककलेवरचा १९६१ चा ग्रंथ तिने संपादला आणि आपल्या मधुर जाफरी यांचे १९७३ चे भारतीय स्वयंपाकाचे पुस्तकही. तिचे पती इव्हान हेही अन्नविषयक लेखक. दोघे मिळून रांधीत आणि मिळून जेवीत. १९९६ साली ते वारले. आता एकटीने रांधण्यात आपल्याला कधी गोडी वाटणार नाही, असे तिला वाटले होते. पण तिने रांधणे सोडले नाही, आणि करता करता तिला आढळले, की त्यात गोडी आहे, आणि गेलेल्या माणसाशी चाललेला संवादही त्यात तुटत नाही. २००९ साली, वयाच्या पंच्याऐंशीच्या घरात, तिने एकट्यासाठी स्वयंपाक करण्याच्या आनंदावर पुस्तक लिहिले. त्यात एक व्यवहारी युक्ती ती पुनःपुन्हा सांगते. एकदा केलेला पदार्थ दुसऱ्या दिवशी तसाच गरम करून खाऊ नये, त्याचे दुसरे रूप करावे. ही युक्ती आमच्या आज्यांना ठाऊकच होती. उरलेल्या भाताची फोडणी, पोळीचा कुस्करा, वरणाची वरणफळे ही तिचीच रूपे.

येथवर 'करावे की नाही' हे झाले. आता 'कसे करावे'. आपली पाकशास्त्राची पुस्तके कुटुंब गृहीत धरतात. लक्ष्मीबाई धुरंधरांच्या १९१० च्या 'गृहिणीमित्रा'पासून ही परंपरा आहे. कमलाबाई ओगले यांच्या १९७० च्या 'रुचिरे'ने एक मोठे काम केले, ते म्हणजे वाटी आणि चमचा ही मापे घरोघर रुजवली. वाटीचे माप एकट्याला उपकारक, कारण वाटीची अर्धी वाटी करता येते. पण सगळेच निम्मे आणि पाव करून भागत नाही, आणि येथेच एकट्याचा स्वयंपाक फसतो.

पहिली गोष्ट पाण्याची. भात शिजताना तांदूळ आपल्या मापाइतके किंवा थोडे अधिक पाणी पितात, बाकीचे वाफ होऊन जाते. किती वाफ जाईल ते भांड्याच्या तोंडावर, झाकणावर आणि वेळेवर ठरते, तांदळाच्या मापावर नव्हे. म्हणून चार वाट्या तांदळाला आठ वाट्या पाणी पुरले, तरी मोकळ्या पातेल्यात अर्ध्या वाटीला एक वाटी पुरत नाही. भात खाली लागतो आणि वर कच्चा राहतो. दुसरी गोष्ट भांड्याची. लहान पातेली, लहान कढई आणि लोखंडी पळी ही एकट्याची खरी सामग्री. मोठ्या कढईत चमचाभर तेल पसरून जाते, मोहरी उघडी पडते आणि तडतडण्याआधीच करपते. पळीत तेच तेल खोल राहते आणि फोडणी खमंग होते. तिसरी गोष्ट चवीची. भांड्यात ऐवज थोडा असला की मीठ, तिखट, आंबट यांची चिमूटभर चूकही मोठी ठरते. तेव्हा निम्म्याने घालावे, चाखावे, मग उरलेले घालावे. चाखायला दुसरे कोणी नाही, ही तक्रार नको. ज्याला जेवायचे आहे तोच चाखतो आहे, याहून चांगला परीक्षक कोठे मिळणार?

हा वैशाखाचा हंगाम आहे, म्हणून एक बेत सांगून ठेवतो. आमरस, पुरी, मसालेभात, मठ्ठा आणि काकडीची कोशिंबीर. घाबरू नका, सगळे एका माणसाचे आहे.

अर्धी वाटी आंबेमोहोर धुऊन अर्धा तास निथळत ठेवावा. चारपाच तोंडली उभी चिरावीत. लहान कढईत दीड चमचा तेल तापवून मोहरी, हिंग, हळद, एक तमालपत्र घालावे, त्यावर तोंडली आणि तीनचार काजू परतावेत, मग तांदूळ घालून दाणा सुटा दिसेपर्यंत परतावा. चमचाभर गोडा मसाला, चवीपुरते तिखट-मीठ, आणि सव्वा वाटी आधणाचे पाणी. झाकण ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे. पाणी आटले की आच बंद करून दहा मिनिटे झाकण उघडू नये. वर साजूक तूप, ओले खोबरे, कोथिंबीर.

भात शिजतो आहे तोवर अर्धी वाटी कणीक चिमूटभर मीठ आणि थोडे तेल घालून घट्ट भिजवावी. पाचसहा पुऱ्या होतात. एक पिकलेला हापूस, नाहीतर दोन पायरी, पिळून रस काढावा, त्यात कणभर मीठ आणि सुंठ किंवा मिरपूड घालावी, वर चमचाभर तूप. दोन चमचे दही घुसळून त्यात पाणी, आल्याचा रस, मीठ, साखर, कोथिंबीर घातली की मठ्ठा झाला. अर्ध्या काकडीची कोशिंबीर. तांदूळ निथळायचा वेळ सोडला तर सगळे मिळून पाऊण तासाचे काम आहे.

पुऱ्या मात्र पान मांडून झाल्यावर तळाव्या. भरल्या घरात रांधणारा आणि जेवणारा वेगळे असतात. एकाने तळायचे तर दुसऱ्याने खायचे, आणि तळणाऱ्याच्या वाट्याला शेवटी गार झालेल्या पुऱ्या यायच्या. एकट्याच्या घरात दोघे एकच. तो दोन पुऱ्या तळतो, आच बंद करतो, बसतो, फुगलेली पुरी मोडतो. भाकरीचे तेच, थालिपिठाचे तेच, घावनाचे तेच. जे पदार्थ तव्यावरून उतरल्या क्षणी सर्वांत चांगले असतात, ते एकट्याला सर्वांत चांगले मिळतात. ज्या बायांनी जन्मभर शेवटी गार जेवण जेवले, त्यांना आम्ही हे विशेष आग्रहाने सांगू इच्छितो.

काही पदार्थ एकट्याच्या वाट्याचे नव्हेत, हेही मान्य केले पाहिजे. पुरणपोळी, अनारसे, उकडीचे मोदक यांत श्रम इतके आहेत, की एका पोळीसाठी ते करणे म्हणजे एका श्रोत्यासाठी मांडव घालणे. तेथे शेजारणीला बोलवावे, दोघींनी मिळून करावे, दोघींनी खावे. एकट्याने जेवायला शिकणे म्हणजे दुसऱ्याबरोबर जेवणे सोडणे नव्हे.

जेवण पानात वाढले गेले पाहिजे. कढईतूनच खाणे, ओट्याशी उभे राहून खाणे, मोबाईल वाटीला टेकवून खाणे, याने पोट भरते पण जेवण होत नाही. आपल्या पानाला एक रचना आहे. वर मध्यभागी मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, आमटी. ही रचना पाहुण्यासाठी केलेली शोभा नाही. थोडे काय खायचे आणि अधिक काय खायचे, हे ती हाताला सांगते. तिला एका माणसाने सोडावे असे काही कारण नाही.

आता राहिलेल्या आक्षेपांचा परामर्श घेतो. खर्चाचा आक्षेप टिकत नाही. वर सांगितलेल्या बेतात महाग असा एक आंबाच, आणि मोबाईलवर बोट ठेवून मागवलेल्या एका डब्याच्या पैशात तो बेत सहज बसतो. श्रमाचा आक्षेप खरा आहे. म्हणून हे रोज करावे असे आम्ही म्हणत नाही. आठवड्यातून एक दिवस ठरवावा, रविवार म्हणा, एकादशीनंतरची बारस म्हणा. दिवस ठरला की आदल्या दिवशी बाजारात जावेसे वाटते, आणि एकट्या माणसाला बाजारात जायला कारण मिळणे हीही लहान गोष्ट नाही. ज्यांना हातापायांनी होत नाही, त्यांच्याकडून ही अपेक्षा नाही. त्यांच्यासाठी डबा आहे, शेजारी आहेत, आणि असायला हवेत.

तिसरा आक्षेप दुःखाचा. जोडीदार गेल्यावर गोडधोड घशाखाली उतरत नाही. हे आम्हाला समजते. पहिल्या महिन्यांत कोणी कोणाला आमरसाचा उपदेश करू नये. परंतु शोक ही गोष्ट वेगळी आणि स्वतःला शिक्षा देणे ही वेगळी. गेलेले माणूस जन्मभर ज्याला 'नीट जेव' म्हणत होते, त्याने नीट न जेवणे ही त्या माणसाच्या आठवणीची कसली पूजा?

चौथा आक्षेप स्वार्थाचा, आणि तो आम्हाला पुन्हा त्या वैदिक सूक्ताकडे नेतो. ज्या घरात चूल पेटत नाही, त्या घरी अतिथी आला तर त्याच्यापुढे काय ठेवणार? बिस्किटाचा पुडा? ज्याने स्वतःसाठी रांधण्याचा हात राखला आहे, त्याच्या घरी डाळ भिजलेली असते, दही लागलेले असते, अवचित आलेल्याला 'बस, दोन पुऱ्या तळतो' असे तो म्हणू शकतो. मसालेभात अर्ध्या वाटीचा केला तरी चार घास अधिक होतातच. ते वाटीत घालून शेजारच्या दारी पोचवता येतात, इमारतीच्या पहारेकऱ्याला देता येतात. म्हणजे स्वतःसाठी रांधणाराच दुसऱ्याला देऊ शकतो. न रांधणाऱ्याजवळ वाटा काढायला अन्नच नसते. ऋषींचा रोष ओढवून न घेण्याचा हाच मार्ग आम्हाला दिसतो, आणि अन्न वाढवण्याचे जे व्रत उपनिषदाने सांगितले, तेही यातूनच पाळले जाते.

शेवटी एक विनंती, आणि ती जे एकटे नाहीत त्यांना. आपल्या वाड्यात, चाळीत, सोसायटीत एकटे राहणारे कोणी ना कोणी असेलच. जिन्यात भेट झाली की आपण रिवाजाने विचारतो, 'जेवलात का?' त्याचे उत्तर 'हो' एवढेच येते, आणि त्या 'हो'मागे चहा-टोस्ट लपू शकतो. उद्यापासून थोडा निराळा प्रश्न विचारून पाहा. 'आज काय केलं होतंत?' असे विचारा, उत्तर नीट ऐका, आणि दोनचार दिवसांनी पुन्हा विचारा. कोणी विचारणार आहे हे ठाऊक असले, की माणूस सांगण्यासाठी म्हणून तरी एखादी भाजी करतो. पुढे विचारणारा नसला तरी करतो.

'एकट्यासाठी कशाला' या प्रश्नाचे आमचे उत्तर एवढेच, की एकटा हाही माणूस आहे, आणि माणसाला जेवू घालणे हे आपल्याकडे नेहमीच पुण्याचे काम मानले आहे.